श्री रवळनाथ भोजनालयाची पहिली पंगत

नवं हॉटेल उघडलं की पहिल्याच संध्याकाळी तिथे जाऊन बसायचं, हा आमचा नेम होता. आमच्या आयांनी सोळा सोमवार केले नसतील इतक्या कडकपणे आम्ही तो पाळत होतो.

आम्ही म्हणजे तिघं. मी सरोजिनी, फोर्टातल्या एका विमा कंपनीत टायपिस्ट. माझ्या शेजारच्या मशीनवरची नलू, जिला हसू आलं की आवरत नाही आणि ते नेमकं नको तिथेच येतं. आणि माझा धाकटा भाऊ वीरेंद्र, परळच्या एका गिरणीच्या ऑफिसात कारकून. दोन मुली एकट्या हॉटेलात बसल्या तर गिरगावचं आभाळ कोसळतं, म्हणून त्याला न्यावं लागे. अर्थात न्यावं लागे हे आपलं म्हणायचं. तो आमच्या आधी दारात उभा असायचा.

पहिल्या दिवसाची मजाच वेगळी. कपाचा कान शाबूत असतो, बटाटेवड्यात बटाटा असतो आणि मालक स्वतः टेबलाशी येऊन 'आणखी काय देऊ?' म्हणून विचारतो. आठवड्याने जा, तोच मालक तुमच्या तोंडाकडे बघायला तयार नसतो. ठाकूरद्वारला एकदा खुर्च्यांचा रंगच वाळला नव्हता, तिघंही हिरवे पट्टे घेऊन घरी आलो. दादरला उद्घाटनाच्या पाहुण्यांनी समोर भजी ठेवून दीड तास भाषण केलं, आणि 'संयम हाच खरा दागिना' या वाक्याला नलूला असं हसू फुटलं की आम्हाला मागच्या दाराने बाहेर पडावं लागलं. भजी मात्र वीरेंद्रने खिशात घातली होती.

आईला हे अजिबात पसंत नव्हतं. "आपल्यात बायका हॉटेलात जात नाहीत," ती म्हणायची. आमच्या आजोबांची गिरगावात तीन घरं होती. त्यांतलं एकही आता राहिलं नाही, पण आईचं ते 'आपल्यात' तेवढं शाबूत आहे.

तर साल अठ्ठावन्न. भिंतीभिंतीवर डांबराने मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र लिहिलेला, दिवसाआड कुठे ना कुठे सभा. अशा धामधुमीत एका सोमवारी वीरेंद्र बातमी घेऊन आला.

"ताई, बुधवारी लालबाग. सुभद्राबाई हॉटेल काढतायत."

सुभद्राबाईंना मी पाहिलं नव्हतं, पण त्यांचा डबा ओळखत होते. दुपारचा डबा वीरेंद्र त्यांच्याकडूनच मागवायचा आणि रात्री घरी येऊन त्याचं वर्णन करून आईला दुखवायचा. बाई मूळच्या मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, तो सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून चाळीतल्या एका खोलीत त्या अठरा गिरणीकामगारांची खानावळ चालवत होत्या. आता चाळीच्या तळमजल्यावरचा गाळा मिळाला होता. आठ टेबलं, बत्तीस खुर्च्या, बाहेर पाटी, श्री रवळनाथ भोजनालय.

"पण एक घोळ आहे," वीरेंद्र म्हणाला. "गावाहून सासरा आलाय. अप्पा म्हणतात त्याला. त्याला हे मंजूर नाही. खोलीत घरच्यासारखी माणसं जेवतात ते वेगळं, पण सुनेने रस्त्यावरच्या परक्या पुरुषांना ताटं वाढायची म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं. शेवटी तोड निघाली. पहिल्या दिवशी चाळ जेवायला आली तर चाळीला पसंत आहे असं समजायचं, तो गप्प बसेल. नाही आली, तर दुसऱ्या दिवशीच्या बोटीने सून त्याच्याबरोबर गावी."

"आणि त्या मान्य झाल्या?" मी विचारलं.

"काय करतील? गाळ्याचा कागद सासऱ्याच्या नावावर. बाईच्या नावावर द्यायला मालक तयार नव्हता. आणि चाळीतली साठ बिऱ्हाडं त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत गं. येणारच सगळी."

बुधवारी ऑफिस सुटल्यावर आम्ही ट्राम पकडली. नलू आदल्या दिवसापासून जेवली नव्हती, असं ती म्हणत होती. वाटेत तिने दोन केळी खाल्ली, ती धरायची नाहीत असं ठरलं.

भोजनालय दुरूनच ओळखू आलं. दाराला केळीचे खांब, आंब्याचं तोरण, झेंडूच्या माळा, समोर हातभर रांगोळी आणि एका कोपऱ्यात भाड्याच्या ग्रामोफोनवर सनई. आत आठ टेबलांवर आठ पितळी तांबे. आणि माणूस एक नाही. दाराशी स्टुलावर तेवढे एक म्हातारे गृहस्थ बसलेले, पांढरं धोतर, कोपरी, हातात काठी. हेच अप्पा. समोरच्या फुटपाथवर मात्र बघ्यांची गर्दी, आणि वर तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांत माणसं कठड्याला रेलून खाली बघत उभी. साठ बिऱ्हाडांतलं कोणीही जिना उतरत नव्हतं.

"नाटकाला आलेत की जेवायला?" नलू पुटपुटली.

मला गप्प बसता येत नाही. ही माझी जुनी खोड आहे आणि तिने माझं भलं कधीच केलेलं नाही. मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून वर ओरडले, "अहो, या ना खाली! वड्यांचा वास तुम्हाला येत नाही का?"

पहिल्या मजल्यावरच्या एका ठसठशीत बाईने कमरेवर हात ठेवले. त्या मीराबाई. चाळीत त्यांनी हो म्हटल्याशिवाय नळालासुद्धा पाणी येत नाही, असं वीरेंद्रने सांगितलं होतं.

"येता गो वास," त्या म्हणाल्या. "पण आमका बोलावणा नाय. मांडव घातलो, तोरणा बांधली, सनई लावली, आणि चाळीत कोणाक अक्षत नाय. न बोलवता जावक आमी काय भिकारी?"

माझ्या डोक्यात आता प्रकाश पडला. साधं हॉटेल उघडलं असतं तर सगळी चाळ बनियनवर खाली आली असती. पण तोरण-सनई लागली म्हणजे ते कार्य झालं, आणि कार्याला घरोघर कुंकवाची अक्षत फिरली पाहिजे. मानपान मोडून जेवायला जाईल तो मराठी माणूस कसला! पोटात कावळे ओरडत असले तरी तो कठड्याला रेलून उभा राहील.

मी तडक आत गेले. सुभद्राबाई चुलीपुढे उभ्या होत्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, कपाळावर घाम. एका हाताने त्या वडे थापत होत्या आणि दर वड्यागणिक दाराकडे बघत होत्या.

"बाई, तुम्ही अक्षत का नाही दिलीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोण, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. "माझ्या हातची अक्षत कोण घेयत, बाय? कपाळार कुकू नाय माझ्या. घरातल्या पुरुषान फिरूचा असता. अप्पांका मी सांगलेला. ते म्हणाले, हॉटेलाक अक्षत नसता." मग खाली बघून म्हणाल्या, "तोरण तरी बांधूया म्हटला. घरात सहा वर्सा काय शुभ झाला नाय."

मला असा संताप आला की मी बाहेर येऊन सरळ अप्पांसमोर उभी राहिले. "आजोबा, अक्षत तुम्ही द्यायची नाही आणि चाळ आली नाही म्हणून सुनेला गावी न्यायचं, हा कुठला न्याय?"

अप्पा शांतपणे म्हणाले, "बाय, तू कोण?"

"गिऱ्हाईक!" मी म्हणाले.

त्यावर नलूला हसू फुटलं. पण मला आता माघार घेणं शक्य नव्हतं. मी आत जाऊन देवापुढच्या ताटातले मूठभर तांदूळ घेतले, त्यात कुंकू कालवलं आणि ताट नलूच्या हातात दिलं. सुभद्राबाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या.

पुढचा अर्धा तास आम्ही त्या चाळीत जो धुमाकूळ घातला त्याची आठवण झाली की अजून हसून हसून माझं पोट दुखतं. पुढे वीरेंद्र, त्याच्या मागे ताट घेऊन नलू, तिच्या मागे मी. पहिल्याच दारातले आजोबा आम्हाला बघून म्हणाले, "वर्गणी परवाच दिली." दुसऱ्या दारात विचारलं, मोर्चा किती वाजता निघणार. तिसऱ्या दारातल्या तरुणाने आम्ही काही बोलायच्या आत चपला घातल्या आणि म्हणाला, "चला, पण ह्या खेपेला तुरुंगात जेवण बरं असूदे." वीरेंद्रला मग चेव आला. त्याने गॅलरीतच घोषणा दिली, "वडे-सांबारं!" आणि सगळ्या मजल्यांवरून पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, "झालंच पाहिजे!"

"अहो, समिती नाही, सभा नाही," मी दारोदार सांगत होते. "खाली सुभद्राबाईंकडे कार्य आहे. सहकुटुंब सहपरिवार यायचं. अगत्याचं बोलावणं आहे." आणि नलू दर उंबऱ्याशी दोन दाणे हातावर ठेवत होती, हसून हसून डोळ्यांतून पाणी गळत असताना. एका म्हातारीने तिची समजूत घातली की लेकी, लग्नघरात इतकं रडू नये.

मीराबाईंच्या दाराशी मात्र आम्ही तिघंही गंभीर झालो. त्यांनी हात पुढे केला नाही.

"तुमी कोण अक्षत देणारे? तिका स्वतः येवक काय झाला?"

"कसं येणार हो?" मी म्हणाले. "कुंकू पुसलेल्या बाईच्या हातची अक्षत तुम्ही घेतली असती का?"

 मीराबाईंचा चेहरा पार उतरला. सहा वर्षं एका नळावर पाणी भरलेल्या बाईबद्दल आपण हे विचारतोय, हे त्यांना तेव्हा कळलं असावं. मग त्यांनी हाताची ओंजळ केली, अक्षत घेतली, कपाळाला लावली आणि आमच्या तोंडावर दार लावून घेतलं.

आम्ही खाली आलो. आणि काय आश्चर्य, वरच्या गॅलऱ्यांतली माणसं एकेक करून नाहीशी झाली. दारं धडाधड बंद झाली. पहिला मजला, दुसरा, तिसरा. साठच्या साठ दारं.

"बगलात?" अप्पा म्हणाले. "दारा लावन घेतल्यानी."

नलूचं हसणं थांबलं. वीरेंद्र म्हणाला, "ताई, तू जरा गप्प बसली असतीस तर." आत चुलीपुढे सुभद्राबाईंनी तेलातला वडा बाहेर काढला आणि पुढचा सोडलाच नाही. मला रडू यायला लागलं, खरंच सांगते. परक्या बाईच्या संसारात नाक खुपसून मी तिची बोट नक्की करून दिली होती.

पंधरा मिनिटं गेली. आणि मग जिन्यात बांगड्या वाजल्या.

पुढे मीराबाई. हिरवंगार नऊवारी लुगडं, नाकात नथ, केसांत अबोलीचा वळेसर, हातात नारळ. त्यांच्या मागे त्यांचे यजमान, डोक्याला नवा फेटा. त्यांच्या मागे अख्खी चाळ. जरीची लुगडी, कोट, टोप्या, डांबरगोळ्यांचा भपकारा आणि पावडरीचे चेहरे. अहो, दारं लावली होती ती कपडे बदलायला! लग्नाला जायचे कपडे ट्रंकेच्या तळाशी असतात, ते काढायला वेळ लागणारच.

मी आनंदाने नलूला मिठी मारली, ताटातली उरलेली अक्षत आम्हा दोघींच्या अंगावर सांडली.

मग चाळ आत शिरली आणि माझा दुसरा घोटाळा उघडकीला आला. मीराबाईंनी टेबलाखुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "खुर्चेर बसान कार्याचा जेवाण खय उतरता?" दोन मिनिटांत आठ टेबलं आणि बत्तीस खुर्च्या फुटपाथवर गेल्या. कोणी झाडू मारला, कोणी पाणी शिंपडलं, वीरेंद्र बाजारात धावला आणि केळीची पानं घेऊन आला. पंगत बसली. सुभद्राबाईंपुढे नारळांची रास पडली. त्यावर वाट्या, पितळी तांबे, एक भिंतीवरचं घड्याळसुद्धा.

सुभद्राबाईंनी मला चुलीमागे ओढलं. "तुमी तेंका काय सांगलात?"

"कार्य आहे म्हणाले. अगत्याचं बोलावणं."

"अगो बाय माझे! अक्षतीर इलेल्या माणसाकडसून पैसे कशे मागू?"

हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पहिल्याच दिवशी मी बाईंचं भोजनालय फुकट वाटून टाकलं होतं. मी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आयुष्यात प्रथमच मला काही सुचेना. सुभद्राबाई माझ्या त्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मग पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की नलू त्यांच्यापुढे काहीच नाही.

"जावंदे!" त्या म्हणाल्या. "हॉटेलाचा लगीन समजतंय. वाढा!"

साठ माणसांचा स्वयंपाक, आणि बसली दीडशे. दुसऱ्या पंगतीला काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा टोप तळाला गेला. मीराबाई हात न धुताच बाहेर गेल्या आणि वर तोंड करून गरजल्या, "घराघरातला शिजलेला खाली हाडा!" आणि जिन्यावरून टोपांची वरात निघाली. कुणाचं बांगड्याचं तिखलं, कुणाची कुळथाची पिठी, सुकटीची चटणी, डाळ, भाकऱ्या. कुणाचं काय ते ओळखण्याच्या पलीकडे गेलं. वीरेंद्र वाढायला म्हणून उभा राहिला होता, पण चार घरचं तिखलं चाखून 'यात तिरफळ जास्त, यात कमी' सांगत हिंडत होता आणि बायका त्याला पुढचं चाखायला हाका मारत होत्या.

या सगळ्यात दाराशी स्टुलावर अप्पा तसेच होते. चाळ आली होती, त्यांचा शब्द संपला होता. पण ते उठले नाहीत. कुणीतरी त्यांना 'आजोबा, आत चला' म्हणालं, त्यांनी नकाराची मान हलवली. शेवटची पंगत मांडली तेव्हा जेवायचे राहिले होते आम्ही तिघं, दोन-चार उशिराने आलेले, आणि रस्त्यावरून आत डोकावलेला एक खाकी कपड्यांतला ट्राम कंडक्टर. तो बिचारा पाटी वाचून सरळ हॉटेल म्हणून आला होता.

नलू अक्षतीचं ताट घेऊन अप्पांकडे गेली. ताटात सांडून उरलेले जेमतेम चार दाणे होते. "आजोबा, तुम्हीच राहिलात. घ्या अक्षत."

अप्पांनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "माका कोणी इचारल्यान नाय," ते हळूच म्हणाले. "गाळो घेतल्यान, टेबला घेतल्यान, पाटी रंगवल्यान. सगळा झाल्यार माका पत्र. कागदार सही करूक या म्हणान."

माझा त्यांच्यावरचा राग कुठल्या कुठे गेला. नलू हात पुढे करून तशीच उभी. तेवढ्यात सुभद्राबाई बाहेर आल्या. हात पिठाने भरलेले, चेहरा चुलीने लाल.

"नलूबाय, ता ताट आत ने," त्या म्हणाल्या. मग सासऱ्यांकडे वळल्या. आवाज वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जात होता. "अक्षत पाहुण्यांका देतत, अप्पा. घरच्या माणसाक कोण बोलावणा करता? सगळी चाळ जेवली, वाढूक माणूस नाय, ह्या परक्या पोरांनी कमर मोडून घेतली. आणि घरचो माणूस दारात पाहुणो होऊन बसलो. इचारूक होया होता, चुकला माझा. माका भीती वाटली, तुमी नाय म्हणशात. पण तुमी घरचे. घरचो माणूस हात धुता आणि वाढूक घेता."

सनई मघाच थांबली होती. पंगतीतल्या कोणी पानाला हात लावला नाही. गॅलऱ्यांत पुन्हा माणसं कठड्याला रेलली होती.

अप्पा उठले. काठी भिंतीला लावली, मोरीवर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. मग धोतराचा काचा मारला, वीरेंद्रच्या हातून भाताची बादली घेतली आणि पंगतीच्या टोकापासून सुरुवात केली. टोकाला होता तो कंडक्टर. अप्पांनी त्याच्या पानावर भात वाढला, त्याने हात आडवा धरला, अप्पांनी त्याच्या हातावर वाढला. "लाजा नको. तरणो माणूस तू, दिवसभर उभ्यान काम." वडे दोन मागितले तर चार पडले. माझ्या पानाशी आल्यावर म्हणाले, "गिऱ्हाईक! पोटभर जेव." मला ठसकाच लागला.

जेवण झाल्यावर कंडक्टरने तोंड पुसलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "किती झाले?"

सगळ्यांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी बादली खाली ठेवली.

"आज नाय," ते म्हणाले. "आज घरचा कार्य होता. उद्या ये. उद्या मी हयच बसतलंय, उद्यापासून पैसे घेतलंय."

मी वळून पाहिलं. सुभद्राबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मटकन बसल्या होत्या. मी जवळ गेले तर त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं, माझ्या बाहीला पीठ लागलं.

"उद्या म्हणाले," त्या म्हणाल्या. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता, तसंच वाहू दिलं. "ऐकलास मां? उद्या म्हणाले." आणि मग एकदम घाबरून उठल्या. "अगो, मगे वड्यांचा पीठ आताच मळूक होया!"